४ इंची ग्राइंडरला घरच्या घरी कटिंग स्टँड: वेल्डिंग कुठे करायचं आणि कुठे अजिबात नाही

गुण्यात_बस

हातात ग्राइंडर धरून स्क्वेअर पाइप कापला की चार बाजूंच्या चार रेघा शेवटी एकमेकींना भेटत नाहीत. मग तो कट झाकायला वेल्डिंगचा ढीग, आणि ढीग लपवायला पुन्हा ग्राइंडर. यावर उपाय म्हणजे ग्राइंडर एका लोखंडी दांड्यावर (पुढे यालाच ‘हात’ म्हणतो) बसवून वरून खाली येईल असा स्टँड. बाजारात तयार स्टँड मिळतात. पण त्यांचा सांधा पातळ पत्र्याचा किंवा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि चकती बाजूला डुलते. घरी २०० अँपचं इन्व्हर्टर मशीन असेल तर त्याहून बरा स्टँड एका रविवारात होतो.

सामान:

बेस: ६ मि.मी. प्लेट, ३०० × ३००. वजन सव्वाचार किलोच्या आसपास भरतं, म्हणजे टेबलाला बोल्ट न मारताही बऱ्यापैकी जागेवर राहतो. दुकानात ‘दोन सुती’ म्हणून मागा.
हात: २५ × २५ × २ स्क्वेअर पाइप, ३०० मि.मी. बेअरिंगखाली टेकूला त्याच पाइपचे १३० मि.मी.चे दोन तुकडे.
सांधा: पी-२०४ पेडेस्टल बेअरिंग (ओतीव घरातलं, बोल्टने बसणारं) २ नग, २० मि.मी. ब्राइट बार १५० मि.मी.
बाही (बारवर चढणारी नळी): पाऊण इंची सी-क्लास, म्हणजे जाड भिंतीचा, काळा पाइप, ७० मि.मी.
ग्राइंडरचा पट्टा: ४० × ६ फ्लॅट, साधारण ३०० मि.मी.
फेन्स (कापताना पाइप टेकवायची कड): ३५ × ३५ × ५ अँगल, २०० मि.मी.
स्प्रिंग: बाइकच्या मेन स्टँडची जुनी चालते.
वेल्डिंगचा रॉड: ६०१३ प्रकारचा, २.५ मि.मी., म्हणजे दुकानदाराच्या भाषेत १२ नंबर.

धागा भरकटण्याआधी एक सांगतो. वेल्डिंग स्टँडला करायचं, ग्राइंडरला नाही. गिअरबॉक्सला नाही, गार्डला नाही, स्पिंडलच्या नटाला तर मुळीच नाही. ग्राइंडर स्टँडवर बोल्टने बसला पाहिजे आणि दोन मिनिटांत उतरून हातात आला पाहिजे.

---

दहा_नंबर_रॉड

गार्डला का नाही? गार्ड तर लोखंडी पत्र्याचाच असतो. त्यालाच एक फ्लॅट जोडला की पट्ट्याची भानगडच संपली. गिअरबॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा आहे हे मान्य, तिथे आर्कचा प्रश्नच येत नाही.

---

गुण्यात_बस

गार्ड एका पट्टीने आणि एका स्क्रूने गळ्याला आवळलेला असतो. हातात धरून काम करताना तो वळावा म्हणूनच तशी रचना आहे. त्यावर दीड-दोन किलोचा ग्राइंडर आणि वर हाताचा दाब टाकला की पट्टी सरकते आणि कट सुरू असतानाच चकती तिरकी होते. दुसरं म्हणजे पत्रा पातळ. एका बाजूला टाका (वेल्डचा ठिपका) मारला की त्या बाजूला ओढला जातो. चकती आणि गार्ड यांच्यात फट किती असते ते एकदा बघा. गार्ड थोडासा वाकला तरी चकती घासते.

जास्तीचा आडोसा हवाच असेल तर १६ गेजचा पत्रा कापून स्टँडच्या हाताला बोल्ट करा. मूळ गार्डला हात लावायचा नाही आणि तो काढायचाही नाही. कटिंगसाठी दोन्ही बाजूंनी झाकलेला गार्ड मिळतो. ग्राइंडिंगचा गार्ड खालून उघडा असतो, तो या कामाचा नव्हे.

---

भंगारप्रेमी

पी-२०४ कशाला? दाराची जाड बिजागरी लावली की काम होतं. नाहीतर ६२०२ बेअरिंग आणि पाइप. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगाने मिळतात. (पुणेकरांसाठी. मुंबईकरांनी नागदेवीला जावं.)

---

ओळंबा

बिजागरीचा हिशोब मांडतो. समजा पिनीत अर्धा मि.मी. झोल आहे आणि बिजागरी ६० मि.मी. लांब आहे. हात ३०० मि.मी. म्हणजे झोल पाचपट होऊन चकतीपाशी अडीच मि.मी. चकतीची जाडी १.२. आपल्या जाडीच्या दुप्पट डुलणारी चकती खाचेत आवळली जाणार आणि फुटणार.

६२०२ चांगलं आहे, पण त्याचं घर कुठून आणणार? बेअरिंग आतून १५, बाहेरून ३५, रुंदी ११. सव्वा इंची बी-क्लास (मधल्या जाडीचा) पाइप बाहेरून ४२.४, भिंत ३.२, म्हणजे आतून ३६. बेअरिंग खुळखुळेल. सी-क्लासची भिंत ४, आतून ३४.४. बेअरिंग आत जाणार नाही. म्हणजे सी-क्लास घेऊन लेथवाल्याकडून आतून ३५ करून आणायचा. जमत असेल तर उत्तमच, पण मग त्या घराला वेल्डिंग करताना ते पुन्हा लंबगोल होतं. लेथचं काम वेल्डिंग झाल्यावर करून घ्यायचं, आधी नाही. बहुतेक लोक इथेच उलटं करतात.

पी-२०४ ला हे काही नाही. ओतीव घर, बोल्टच्या भोकांचं अंतर ९५, मध्याची उंची ३३.३ मि.मी. आतलं बेअरिंग गोल बैठकीत थोडं फिरतं, त्यामुळे दोन पेडेस्टल एका रेषेत जरा मागेपुढे बसले तरी बार अडकत नाही. हवे तेव्हा बोल्ट ढिले करून पातळ पत्र्याचे वायसर खाली घालून नीट करता येतं. वेल्डिंग केलेलं घर असं नीट करता येत नाही. दोन पेडेस्टलांत मध्यापासून मध्यापर्यंत निदान १०० मि.मी. ठेवा. झोल ०.२ धरला तरी चकतीपाशी ०.६ च येतो, आणि नव्या पेडेस्टलमध्ये तेवढाही नसतो.

---

भंगारप्रेमी

पटलं. बिजागरी मागे घेतो. पण पी-२०४ भंगारात घेताना काय बघायचं?

---

ओळंबा

आतली रिंग बोटाने फिरवा. खरखर किंवा टक टक लागली तर ठेवून द्या. बाजूचे दोन ग्रब स्क्रू अ‍ॅलन कीने फिरतात का ते बघा. गंजून बसलेले असतात आणि बार आवळायचं काम त्यांचंच असतं. ओतीव पायाला तडा आहे का ते बोल्टच्या भोकापाशी नखाने चाचपा. आणि बार सोबत घेऊन जा. ‘२० चा’ म्हणून दिलेला पाऊण इंची, म्हणजे १९.०५ चा निघतो. व्हर्नियर नसेल तर बार बेअरिंगात घालूनच बघा.

---

रेघोटी

टाके मारण्याचा क्रम इथे कोणी लिहिला नाही, आणि स्टँड तिरका होतो तो तिथेच.

आधी बाही आणि हात. पाऊण इंची सी-क्लास पाइप बाहेरून २६.९, भिंत ३.२, म्हणून आतून साधारण २०.५. २० चा बार त्यात सरकतो, फक्त आतली शिवण गोल कानशीने काढावी लागते. हात बाहीला वेल्ड करायचा, बारला नाही. बारला एका बाजूने वेल्डिंग झालं की तो त्या बाजूला वाकतो आणि वाकलेला बार बेअरिंगात प्रत्येक फेऱ्याला अडतो. बाही तयार झाली की आरपार दोन ६ मि.मी. बोल्ट मारून बारला पक्की करायची.

टाके असे: गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून हात बाहीवर काटकोनात धरा. पहिला टाका वरच्या बाजूला, दुसरा बरोबर समोर खाली. गुण्या परत लावा. तिरका झाला असेल तर आत्ताच हातोडीने एक ठोका द्या, नंतर ऐकणार नाही. मग डावा, मग उजवा. पूर्ण वेल्ड करताना एका दमात चारही बाजू फिरायच्या नाहीत. वरचा १५ मि.मी., थांबा, खालचा १५, थांबा. हात लावता येईल इतकं निवलं की बाकीच्या दोन बाजू. पाणी ओतून थंड करू नका.

अँपिअर: २ मि.मी. पाइपला १२ नंबर रॉडने ६० ते ६५. ९० वर ठेवलंत तर भोक पडणार. पाइप ६ मि.मी. प्लेटला जोडताना ७५ ते ८० घ्या, पण आर्क प्लेटवर धरा आणि रसाला पाइपकडे नुसतं टेकू द्या. उलटं केलं तर पाइप जळतो आणि प्लेटवर वेल्ड नुसता बसलेला राहतो, चिकटत नाही. स्लॅग झाडून बघा. वेल्डच्या कडेला प्लेटवर काळी सरळ रेघ दिसली तर तो चिकटलेला नाही.

मॅग्नेटचा गुण्या टाक्यांपुरताच. पूर्ण वेल्डच्या वेळी काढून ठेवा. इन्व्हर्टर मशीन डीसी असतं, चुंबकाजवळ आर्क एका बाजूला पळतो आणि नवशिक्याला वाटतं रॉडच खराब आहे.

---

दहा_नंबर_रॉड

रेघोटीताई, १० नंबर रॉड का नको? एका फेरीत जाड वेल्ड बसतो. नावाला जागायला नको का मी?

---

रेघोटी

नावाला जागा, पाइपला नको. ३.१५ चा रॉड नीट जळायला १०० च्या पुढे अँप लागतात. २ मि.मी. भिंतीला ते झेपत नाही. आणि इथे ताकद कुठे लागते? दीड किलोचा ग्राइंडर आणि एका हाताचा दाब. ३ मि.मी.चा वेल्ड पुरून उरतो. जाड वेल्ड म्हणजे जास्त उष्णता, जास्त ओढ, जास्त तिरकेपणा.

---

शॉर्टसर्किट

१० नंबरचं दुसरं कारण घरातल्या वायरिंगचं. हिशोब करून बघा. ८० अँपला आर्कचा दाब साधारण २३ व्होल्ट, म्हणजे १.८५ किलोवॉट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर २३० व्होल्टवर १३ ते १४ अँप ओढले जातात. १६ अँपच्या सॉकेटला, एसी किंवा गिझरच्या पॉइंटला, हे चालतं. ११० अँपला हाच आकडा १९-२० वर जातो. सॉकेट तापणार, एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पडणार. ६ अँपच्या पॉइंटला तर वेल्डिंग मशीनची पिन दाखवूही नका.

एक्स्टेन्शन: १ चौरस मि.मी.ची १५ मीटर वायर घेतली तर १४ अँपला साडेसात व्होल्ट आणि शंभरेक वॉट वायरमध्येच जातात. रीळ गुंडाळलेलं असेल तर ती उष्णता आतच राहते आणि इन्सुलेशन वितळतं. २.५ ची वायर घ्या आणि पूर्ण उलगडून ठेवा. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. मशीन लावताच तो पडत असेल तर दोष शोधा, आरसीसीबी काढून टाकू नका.

आणि वेल्डिंग चालू असताना ग्राइंडर स्टँडवर नको. ‘माप घ्यायला लावला होता, तिथेच एक टाका मारला’ हे सगळ्यात महागात पडतं. अर्थ क्लँप बेसला आणि रॉड हाताला असेल तर करंटला वाट बेअरिंगातूनच आहे, स्टँडच्याही आणि ग्राइंडरच्याही. गोळ्या आणि रिंग जिथे टेकतात तिथे बारीक ठिणग्यांचे खड्डे पडतात. लगेच कळत नाही. काही दिवसांनी बेअरिंग आवाज करू लागतं. अर्थ क्लँप कायम ज्या तुकड्याला वेल्ड करताय त्यालाच, वेल्डच्या जवळ. पी-२०४ सुद्धा सगळं वेल्डिंग संपून लोखंड निवल्यावरच बसवायचे.

---

कोकणी_कानस

पावसाळ्यात आमच्याकडे रॉडचं पाकीट उघडून आठ दिवस ठेवलं की लेप ओला. आर्क तडतडतो, वेल्डला बारीक भोकं. ६०१३ साधारण १०० ते १२० अंशांवर तासभर तापवले की ठीक होतात. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. नंतर हवाबंद डब्यात. लेप तारेवरून सुटायला लागला असेल तर मात्र टाकूनच द्या.

जीआय (जस्त चढवलेला) पाइप फुकट मिळाला म्हणून वापरू नका. जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. नाइलाज असेल तर वेल्डपासून दोन्ही बाजूंना दोन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर, वाऱ्याची पाठ धरून काम करा.

---

नवा_वेल्डर_७

ग्राइंडर हाताला कसा पकडायचा ते नीट समजलं नाही. प्लॅस्टिक बॉडीला क्लँप लावून चालेल का?

---

गुण्यात_बस

बॉडी आवळू नका. आत फील्ड कॉइल आहे आणि मागच्या बाजूला हवा घ्यायच्या फटी आहेत. आवळलं की प्लॅस्टिक दबतं, आर्मेचर घासू शकतं, फटी झाकल्या तर मोटर जळते.

पकड घ्यायची साइड हँडलच्या भोकांत. गिअरबॉक्सच्या डाव्या-उजव्या बाजूला ती असतात, आटे ८ किंवा १० मि.मी.चे. हँडल काढून त्याच्या आट्यांवर मोजा. ४० × ६ फ्लॅटचा इंग्रजी ‘यू’सारखा पट्टा करून दोन्ही बाजूंनी बोल्ट मारायचे. फ्लॅट वाकवायला भट्टी नको. वाकवायच्या रेघेवर ग्राइंडरने अर्ध्या जाडीपर्यंत खाच मारा, काटकोनात वाकवा, बाहेरची फट वेल्डने भरा.

बोल्टची लांबी हा खरा घोळ. भोक किती खोल आहे ते काडी घालून मोजा, त्यात फ्लॅटची जाडी मिळवा आणि बोल्ट त्याहून २ मि.मी. आखूड घ्या. लांब बोल्ट तळाला टेकतो. मग वाटतं घट्ट झाला, पण पट्टा ढिलाच असतो. आणखी जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात. स्प्रिंग वायसर हवाच, ११,००० फेऱ्यांच्या थरथरीने साधा बोल्ट सुटतो.

तिसरा आधार बॉडीखाली नुसता टेकू म्हणून. हाताला छोटा फ्लॅट, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आवळायचा नाही, टेकवायचा.

---

ओळंबा

पट्टा वेल्ड करण्याआधी फिरण्याची दिशा बघा. गिअरबॉक्सवर बाण असतो. तुम्ही स्टँडसमोर उभे असताना चकतीची तुमच्याकडची कड खाली जाणारी हवी, म्हणजे तळाची कड फेन्सकडे जाते. पाइप फेन्सला दाबला जातो आणि ठिणग्या मागे जातात. उलटं झालं तर चकती पाइप उचलून तुमच्याकडे ओढते. ग्राइंडर हाताच्या डावीकडे की उजवीकडे हे यावरून ठरतं, तुमच्या सोयीवरून नाही.

फेन्सची जागा डोळ्याने ठरवू नका. १०५ च्या चकतीची त्रिज्या ५२.५. ती बेसच्या पातळीखाली फक्त १ मि.मी. गेली तर त्या पातळीवर तिची रुंदी २० मि.मी.च भरते. म्हणजे २५ चा पाइप पूर्ण कापलाच जात नाही, तळाचे दोन कोपरे जोडलेले राहतात. अडीच मि.मी. खाली गेली तर ३२ मि.मी. मिळतात, पण पाइप बरोबर चकतीच्या मध्याखाली असेल तरच. म्हणून २५ च्या पाइपला फेन्स चकतीच्या मध्यरेषेच्या साडेबारा मि.मी. मागे, ४० च्या पाइपला २० मागे. अँगलला गोल भोकं न पाडता लांबट खाचा ठेवा म्हणजे सरकवता येईल.

बेसमध्ये चकतीसाठी खाच ४ मि.मी. रुंद, ८० लांब. ती शेवटी पाडायची, स्टँड पूर्ण जुळल्यावर, त्याच ग्राइंडरने. मग ती आपोआप बरोबर जागी येते.

---

नवा_वेल्डर_७

यावर ५० चा पाइप कापता येईल का?

---

ओळंबा

एका दमात नाही. त्रिज्या ५२.५ मधून गिअरबॉक्सचा गळा आणि गार्डची पट्टी वजा करा. हातात २५ ते २८ मि.मी. उरतात, तेही नव्या चकतीला. चकती झिजून ९५ ची झाली की २५ चा पाइपही पुरा होत नाही. मोठा पाइप उलटसुलट करून कापता येतो, पण मग काटकोन फेन्सवर अवलंबून. रोज ५० चे पाइप कापायचे असतील तर १४ इंची चॉप सॉ घ्या. हा स्टँड त्या कामाचा नाही.

---

भंगारप्रेमी

मग याच ग्राइंडरला ५ इंची चकती घालून थोडी खोली वाढवली तर? गार्ड काढला की बसते.

---

शॉर्टसर्किट

हा प्रश्न येणारच होता. गणित आधी बघू. मिनिटाला ११,००० फेऱ्यांना १०५ मि.मी. चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ६० मीटर. १२५ ची घातली तर ७२. चकतीवर ८० लिहिलेलं असतं, म्हणजे कागदावर बसतं. पण ४ इंची चकतीचं भोक १६ मि.मी., ५ इंचीचं २२.२३. मध्ये घरगुती रिंग घातली की चकती मध्यावर बसत नाही आणि थरथरते. शिवाय गार्ड गेला आणि मोटरवर भार वाढला. ७ इंची चकतीवर जास्तीत जास्त ८,५०० फेऱ्या छापलेल्या असतात. ती ११,००० वर फिरवली तर कडेचा वेग १०० च्या पुढे. ती कापत नाही, फुटते.

खोली हवी तर ५ इंची ग्राइंडरच घ्या. पट्टा नवा करावा लागेल, बाकी स्टँड तोच. हाताची पातळी मात्र पुन्हा तपासा.

लाकडाचं दातेरी पातं लावायचं का असं कोणी विचारायच्या आधीच: नाही. स्टँडवर नाही आणि हातातही नाही. दात अडकला की झटका बसतो, आणि ते थोपवायला या ग्राइंडरमध्ये काही नाही.

चकतीच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती वापरायची शेवटची तारीख. चिकटवणारं राळ ओल धरतं. तारीख गेलेली स्वस्त चकती म्हणजे स्वस्त नव्हे.

---

रेघोटी

स्प्रिंगबद्दल राहिलं. स्प्रिंगला वेल्ड करायचं नाही. तिचं पोलाद तापलं की पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, किंवा तिथेच ठिसूळ होतं, आणि काही दिवसांनी तुटलेला तुकडा तोंडावर येतो. बेसला आणि हाताला ८ मि.मी.चा साधा बोल्ट वेल्ड करून स्प्रिंगचा आकडा त्यात अडकवा. बोल्ट साधाच घ्या. डोक्यावर १२.९ लिहिलेला अ‍ॅलन बोल्ट वेल्ड केला की मानेपाशी तडकतो. झिंक मारलेला असेल तर वेल्डपुरता घासून घ्या.

वर थांबा हवा: बाहीमागे छोटा अँगल, हात सरळ उभ्याच्या थोडा अलीकडेच अडेल असा. नाहीतर स्प्रिंग ग्राइंडर मागे आपटते. खालीही थांबा, लॉकनटसह बोल्ट, म्हणजे चकती बेसखाली अडीच मि.मी.वर थांबते. चकती झिजली की तो थोडा फिरवायचा.

---

शॉर्टसर्किट

स्विच. घरच्या स्टँडमध्ये सगळ्यात दुर्लक्षित. ४ इंची ग्राइंडरला बहुधा सरकवून अडकणारा स्विच असतो. पाइप फिरला, चकती अडकली, तर तो बंद करायला हात चकतीजवळ न्यावा लागतो. दाबून धरायचा पॅडल स्विच असलेला ग्राइंडर उत्तम. नाहीतर बेसच्या पुढे, उजव्या हाताशी, स्वतंत्र स्विच. वीज जाऊन आल्यावर सरकवलेला स्विच चालूच असतो, हेही लक्षात असू द्या.

केबल हाताच्या वरच्या बाजूने बांधून सांध्यापाशी ढील ठेवा. चकतीच्या खाली कुठेही लोंबायला नको. ग्राइंडर दुहेरी इन्सुलेशनचा असतो, म्हणजे केबलमध्ये अर्थची तार नसते. केबल चुकून कापली गेली तर अख्खा लोखंडी स्टँड जिवंत. म्हणून बेसला वेगळी हिरवी वायर, १.५ ची, बोल्टने लावून अर्थला जोडा.

---

नवा_वेल्डर_७

सगळं जुळवून झाल्यावर काटकोन बरोबर आला हे कसं तपासायचं? माझा गुण्याच स्वस्तातला आहे.

---

रेघोटी

गुण्या लागत नाही. २५ च्या पाइपचा तुकडा फेन्सला लावून मधोमध कापा. एक अर्धा आहे तसा ठेवा, दुसरा स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवा, म्हणजे वरची बाजू खाली. सपाट काचेवर किंवा कडाप्प्यावर कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते. वरून बघताना बाजूला फट असेल तर फेन्स तिरका: अँगलचे बोल्ट ढिले करून सरकवा. आडवं बघताना वर किंवा खाली फट असेल तर चकती उभी नाही: पेडेस्टलच्या एका बाजूखाली पत्रा घाला. पेडेस्टल १०० मि.मी. अंतरावर असतील तर एका बाजूला अर्धा मि.मी. पत्रा घातल्याने २५ मि.मी. उंचीत आठव्या हिश्श्याचा मि.मी. फरक पडतो. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ०.१ च्या आसपास भरतो, त्याचे थर लावत जा.

---

कोकणी_कानस

४५ अंशाला फेन्स फिरवला तर पाइपची कापायची रुंदी दीडपटीच्या जवळ जाते. २५ चा ३५ होतो. चकती अडीच मि.मी. खाली असताना ३२ च मिळतात, म्हणून ४५ ला खालचा थांबा फिरवून ३.५ मि.मी. खाली घ्या, त्याला ३७ मिळतात. आणि आधी ग्राइंडर बंद ठेवून हात पूर्ण खाली आणून बघा. गळा पाइपच्या वरच्या कडेला टेकत असेल तर पाइप उलटा करूनच पुरा करायचा. ४५ चं भोक बेसला पाडताना पहिलं भोक फेन्सच्या एका टोकाला फिरण्याचा खिळा म्हणून गोलच ठेवा, दुसरं कमानी.